पात्यावरचे पाणी

बडोद्याच्या जुन्या गावाला चार दरवाजे. पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट आणि पश्चिमेला लहरीपुरा. सोळाव्या शतकात, गुजरातच्या सुलतानांच्या अमदानीत, हे कोटबंद शहर वसले. पुढे गायकवाडांच्या राजधानीचा पसारा वाढला, तटाचे काम संपले आणि तटही गेला. दरवाजे तेवढे राहिले. लहरीपुऱ्याच्या कमानीबाहेर आज बाजाराची वर्दळ असते. समोर 1896 साली उभी राहिलेली न्यायमंदिराची भव्य इमारत, पलीकडे सुरसागराचे पाणी. या गर्दीतून वाट काढणाऱ्याला, या कमानीखाली उभे राहून कोणाला आत घ्यावे आणि कोणाला बाहेर ठेवावे हे ठरविणारा एक पहारेकरी एके काळी होता, याची आठवणही होत नाही.

त्या पहारेकऱ्याच्या कमरेला जांबिया होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस गायकवाडांच्या पदरी अरबांची मोठी शिबंदी होती. शहराचे दरवाजे तिच्याच ताब्यात होते. दरबाराने कोणाला वचन दिले, कोणाकडून कर्ज काढले, तर त्याची हमी अरब जमादार घेत. या हमीला बडोद्याच्या इतिहासात ‘बहांदरी’ म्हणतात. राजाच्या शब्दापेक्षा जमादाराच्या पात्यावर सावकाराचा विश्वास अधिक, असा तो काळ. आनंदराव गायकवाडांच्या कारकिर्दीत दिवाण रावजी आपाजी यांनी इंग्रजांशी संधान बांधले. शिबंदीचा पगार थकलेला होता, आणि अरबांनी शहर सोडण्यास नकार दिला. 1802 च्या अखेरीस इंग्रजी फौजेने बडोद्याला वेढा घालून त्यांना बाहेर काढले. बहांदरीचा हक्क इंग्रजांकडे गेला. म्हणजे पात्याची हमी गेली आणि कागदावरच्या मोहरेची हमी आली. बडोद्यात शस्त्राचे राज्य संपले ते त्या वर्षी, असे म्हणावयास हरकत नाही.

अरब गेले, परंतु जांबिया राहिला. फरीगदगा, बनेटी, लेझीम आणि बोथाटी यांच्या पंक्तीला तो मराठी आखाड्यात जाऊन बसला. राजवाड्यातल्या तलवारी भिंतीवर गेल्या, सरदारांच्या कट्यारी देवघरात गेल्या आणि दसऱ्याला तेवढ्या पूजेला निघू लागल्या. शस्त्राचे जतन असे नाना मार्गांनी झाले. जतन झाले नाही ते शस्त्र घडविण्याच्या विद्येचे. तलवार आहे, तिचे नाव आहे, तिच्या धन्याची वंशावळ आहे. पण ती कोणी ओतली, कोणत्या आचेवर ठोकली, कशात विझवली, याचा एक शब्द बहुधा कोठे सापडत नाही. हे कसे झाले, आणि ती विद्या पुन्हा कोणाच्या हाती लागली, ही कथा मोठी उद्बोधक आहे.

पाते हे एका हाताचे काम कधीच नव्हते. पोलाद पाडणारा वेगळा, ते ऐरणीवर लांबविणारा लोहार वेगळा, मूठ बसविणारा वेगळा, म्यान शिवणारा वेगळा. या सर्वांनंतर येई तो शिकलगार. ‘सैकल’ म्हणजे घासून झळाळी आणणे. या शब्दावरून त्याचे नाव पडले. महाराष्ट्रात आजही हे आडनाव आढळते, पण त्या नावामागे सैन्याच्या सैन्यांच्या तलवारी चमकविणारा कारागीर उभा आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. हा शिकलगार घासलेल्या पात्यावर आम्लधर्मी द्रव्याचा हात फिरवी आणि त्याबरोबर पोलादाच्या अंगात दडलेल्या लाटा वर येत. जणू वाऱ्याने हललेल्या तळ्याचा पृष्ठभाग. या लाटांना जौहर म्हणत, आणि मराठी माणूस एकाच शब्दात सारे सांगून मोकळा होई: पाणी. पात्याला पाणी आहे, तलवार पाणीदार आहे. माणसाला पाणीदार म्हणतानाही आपल्या भाषेच्या मनात हे पातेच असावे.

हे पाणी ज्या पोलादावर दिसे ते दख्खनचे आणि दक्षिणेचे. म्हैसूरकडे, सेलमच्या परिसरात आणि आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम् येथे ते तयार होत असे. कृती ऐकावयास सोपी आहे. मातीची लहानशी मूस घ्यावयाची. तीत भट्टीतून काढलेल्या मऊ लोखंडाचे तुकडे, तरवडाच्या लाकडाचे बारीक ढलपे आणि वर रुईसारखी हिरवी पाने घालावयाची. तोंड मातीने लिंपून अशा अनेक मुशी कोळशाच्या भट्टीत रचावयाच्या आणि कित्येक तास भाता चालवावयाचा. लाकडातला कार्बन लोखंडात उतरतो, लोखंड वितळते, आणि मूस हळूहळू निवू दिली की तळाशी पोलादाची एक वडी मिळते. वडीत कार्बनचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास. साध्या मोटारीच्या कमानपट्टीत ते शेकडा अर्ध्याहून थोडे अधिक असते, हे ध्यानी घेतले म्हणजे या वडीचा कडकपणा कळतो. कानडीत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. त्याचेच इंग्रजांच्या जिभेवर ‘वूट्झ’ झाले असे मानतात. इराणचे व्यापारी एवढा प्रवास करून कोनासमुद्रम्‌ला येत आणि वड्या पारखून घेऊन जात. दमास्कसची म्हणून जगभर गाजलेली पाती या हिंदी वड्यांची होती.

युरोपच्या विज्ञानाशी या पोलादाची गाठ पडली ती मुंबईमार्गे. मुंबईतील इंग्रज वैद्य हेलेनस स्कॉट यांनी 1794 साली या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला, आणि निबंधाच्या नावातच हे पोलाद मुंबईस बनते असे लिहून टाकले. ज्या बंदरातून माल आला तेच त्याचे माहेर, असा हा समज. खरा कारागीर कोठे होता आणि कोण होता, हे विचारण्याची गरज त्या वेळी कोणाला भासली नाही.

लंडनमध्ये जेम्स स्टोडार्ट नावाचा शस्त्रवैद्यकाची हत्यारे बनविणारा निष्णात कारागीर होता. त्याने या पोलादाची पाती घडवून पाहिली आणि तो त्याच्या प्रेमातच पडला. त्याच्या जोडीला आला एका लोहाराचा मुलगा, मायकेल फॅरडे. विजेच्या शोधांनी पुढे अमर झालेला हा शास्त्रज्ञ तरुणपणी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात, 1819 पासून काही वर्षे, हिंदी पोलादाचे रहस्य उकलण्यासाठी भट्टी फुंकत होता. त्यात अॅल्युमिनियम आहे असे प्रथम त्याला वाटले. मग रुपे, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातू पोलादात मिसळून पाहण्यात आले. त्यातून केलेले वस्तरे फॅरडेने आपल्या स्नेह्यांना भेट दिले. 1820 आणि 1822 मध्ये दोघांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. 1823 साली स्टोडार्ट वारला. रहस्य काही उकलले नाही, पण पोलादात अन्य धातू मिसळण्याच्या शास्त्राचा पाया त्या तळघरात घातला गेला. पॅरिसच्या टांकसाळीतील ब्रेआँ यांनी कार्बनकडे बोट दाखविले. रशियात झ्लाटौस्त येथे अनोसोव्ह यांनी वर्षानुवर्षे खपून तशी पाती केली आणि 1841 साली त्यावर ग्रंथ लिहिला. युरोपातील इतर लोहारांना मात्र वडी हाती असूनही पाते साधेना. आपल्या सवयीप्रमाणे ते ती पांढरी होईपर्यंत तापवीत आणि घणाखाली तिचा भुगा होई. हिंदी लोहार तीच वडी मंद लाल आचेवर, धीराने, पुनःपुन्हा तापवून ठोकीत असे. वडी विलायतेला गेली. धीर येथेच राहिला.

येथेही तो फार काळ राहिला नाही. 1818 साली पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या, तलवारीचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. विलायती पोलाद स्वस्त मिळू लागले, कोळशासाठी जंगल मिळेनासे झाले. एकोणिसावे शतक संपण्याच्या सुमारास मुशीतल्या पोलादाच्या भट्ट्या थंडावल्या. त्या भट्टीवरच्या माणसाने आपली कृती लिहून ठेवली नव्हती. ती त्याच्या डोळ्यांत होती, कारण आच तो रंगावरून ओळखी. ती त्याच्या कानांत होती, कारण ऐरणीचा नाद त्याला धातूची प्रकृती सांगे. मुलगा बापाच्या शेजारी बसून ती उचली. भट्टी विझली आणि मुलगा दुसऱ्या धंद्याला लागला, त्या दिवशी शेकडो वर्षांची विद्या एका पिढीत संपली.

यावर, आपल्या कारागिरांनी विद्या लपविली म्हणून ती बुडाली, असा निवाडा देण्याची एक पद्धत आहे. तो निवाडा न्यायाचा नाही. ज्याचे पोट एका कृतीवर चालते त्याने ती चव्हाट्यावर कशी मांडावी? गावगाड्यातल्या लोहाराला बलुते मिळे ते त्याच्या हातात जे आहे ते शेजाऱ्याच्या हातात नाही म्हणून. लिहिण्याची विद्या ज्यांच्या घरात होती त्यांनी भट्टीजवळ बसून टिपणे केली नाहीत आणि ज्यांच्या घरात भट्टी होती त्यांना कोणी अक्षर शिकविले नाही. दोष द्यावयाचा तर तो या अंतराला द्यावा लागेल. लेखणी आणि हातोडा यांच्यामधले हे अंतर मिटविण्याचा एक थोर प्रयत्न याच बडोद्यात झाला.

लहरीपुरा दरवाज्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर कलाभवनाची वास्तू आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 साली ही संस्था स्थापन केली. तिचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. पुढे 1896 मध्ये मुंबईत चापेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले. ते डाग काही केल्या निघेनात, तेव्हा ज्यांनी ते काढले तेच हे गज्जर. कलाभवनात कारागिरांच्या मुलांना यंत्रविद्या, रंगकाम, शिल्प आणि चित्रकला शिकविली जाई आणि तीही त्यांच्या मातृभाषेतून. गज्जरांनी धंदेशिक्षणाची पुस्तके देशी भाषेत करवून घेण्याची योजना आखली. ‘रंगरहस्य’ नावाचे नियतकालिकही त्यांनी चालविले. नावातच त्याचा हेतू आहे. रंगाऱ्याचे जे रहस्य पिढ्यान्‌पिढ्या घरात कोंडलेले होते ते छापून सर्वांच्या हाती देणे, हे त्या काळी केवढे धाडस! चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रण आणि शिल्पकाम यांचे धडे गिरविले ते याच कलाभवनात. 1949 मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या संस्थेतून तंत्रविद्येची शाखा उभी राहिली.

शस्त्रविद्येच्या बाबतीतही बडोद्याने असेच केले. जुम्मादादा नावाचे मुसलमान उस्ताद येथे आखाडा चालवीत. त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी गुरूच्या नावाने ‘श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर’ नावारूपाला आणले. जातिधर्माचा पडदा न धरता उस्तादाने दिलेली विद्या शिष्याने हजारोंना वाटली. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. 1936 पासून 1949 पर्यंत हे काम चालले होते. उस्तादाच्या मनगटात असलेली विद्या त्यांनी कागदावर उतरविली. मात्र ज्ञानकोशाचा विषय शस्त्र चालविणे हा. शस्त्र घडविणे हा नव्हे. आणि कलाभवन उघडले तेव्हा युग यंत्राचे आले होते. मूस, भाता आणि जौहर यांना विचारणारा विद्यार्थीच उरला नव्हता. बडोद्याने दार उघडले खरे, पण पोलादाचा उस्ताद त्या दारापर्यंत येण्याआधीच निघून गेला होता.

पुढचा अध्याय घडला तो सातासमुद्रांपलीकडे, आणि तो घडविला हौशी लोकांनी. अमेरिकेत घरामागच्या पडवीत लहानशी भट्टी मांडून, दिवसाचे काम आटोपल्यावर सुऱ्या घडविणाऱ्यांचा एक वर्ग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आला. विल्यम मोरन नावाच्या कारागिराने 1973 साली पोलादाचे थर जोडून केलेली नक्षीदार पाती प्रदर्शनात मांडली आणि आपली पद्धत झाकून न ठेवता इतरांना सांगितली. 1976 मध्ये त्याने पाती घडविणाऱ्यांची संस्था स्थापन केली. तिची परीक्षा ऐकण्यासारखी आहे. उमेदवाराने स्वतः घडविलेल्या सुरीने टांगलेला दोर एका घावात तोडावा, जाड लाकडी फळी छाटावी, त्यानंतरही तीच धार हातावरचे केस उतरविण्याइतकी शाबूत असावी, आणि शेवटी पाते शिकंज्यात धरून काटकोनात वाकविले तरी मोडू नये. कडकपणा आणि लवचिकपणा हे परस्परविरोधी गुण एका पात्यात आणल्यावाचून यातून पार पडता येत नाही.

हा मेळ साधणे हाच या कलेचा गाभा आहे, आणि तो समजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. सुरीचा आकार कानसून झाला की पाते भट्टीत धरावयाचे. लाल होत चाललेल्या पोलादाला एका क्षणी लोहचुंबक ओढीनासे होते. तेथून थोडी अधिक आच देऊन ते तेलात बुडवावयाचे. आता ते काचेसारखे कडक आणि काचेसारखेच ठिसूळ झालेले असते. मग घासून पांढरे केलेले पाते पुन्हा हलक्या आचेवर धरावयाचे. पृष्ठभागावर आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. सुरीला पिवळा रंग पुरे. कमानीला निळा हवा. खेड्यातला लोहार विळा-कोयत्याला ‘पाणी देतो’ म्हणजे हेच करतो. हौशी माणूस एवढेच वेगळे करतो की झालेली चूकही तो चारचौघांत सांगतो. माझे पाते तेलात पडताच वाकले, माझे चिरले, माझ्या मुठीला फट राहिली, असे एक जण बोलतो आणि दहा जण त्यातून शिकतात.

अशाच वृत्तीचा एक माणूस फ्लॉरिडात होता. अल पेंड्रे हे त्याचे नाव. घोड्यांना नाल मारणे हा त्याचा धंदा आणि जुन्या पाणीदार पात्याचे रहस्य शोधणे ही त्याची हौस. आयोवातील धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हरहोव्हन यांच्याशी त्याची गाठ पडली. लोहार मूस उतरवी, पाते ठोकी. प्राध्यापक त्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाही. कधी नक्षी उमटे, कधी मुळीच उमटत नसे, आणि कारण कळत नसे. वर्षांमागून वर्षे गेली. अखेर जुन्या अस्सल पात्यांच्या पृथक्करणाशी ताडून पाहता उलगडा झाला. 1998 साली त्यांनी प्रसिद्ध केले की पोलादात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अत्यल्प अंश, हजारात एका भागाहूनही कितीतरी कमी, असला तर मंद आचेवर पुनःपुन्हा ठोकताना कार्बनयुक्त कठीण कण रांगा धरतात. याच रांगा म्हणजे पात्यावरचे पाणी. हा अंश काही ठिकाणच्या खनिजात जात्याच असतो. ती खनिजे संपली किंवा बदलली असतील तर जुन्या उस्तादाच्या हातूनही नक्षी उमटेनाशी झाली असेल, असा तर्क या जोडीने मांडला. पेंड्रे 2017 साली वारला. त्याची कृती मात्र छापलेली आहे. ती आज जगात कोणीही वाचून करून पाहू शकतो.

फॅरडेला जे साधले नाही ते नालबंद आणि प्राध्यापक यांच्या जोडीला साधले, कारण हातोडा आणि लेखणी यांच्यामध्ये येथे अंतर राहिले नव्हते. हौशी माणसाला हे औदार्य परवडते, हेही खरे. त्याची चूल या भट्टीवर पेटत नाही. म्हणून त्याचे कौतुक करताना, ज्याची चूल तिच्यावरच पेटत होती त्या लोहाराला कमी लेखण्याचे कारण नाही. उलट, ज्याचे उष्टे शतकांनंतरही जगाला पुरे पडले त्या अनाम माणसाचे ऋण यातून अधिकच स्पष्ट होते.

भारतातही आता असे हौशी दिसतात. मोटारीची जुनी कमानपट्टी आणून ते कोयता, स्वयंपाकाची सुरी वा शिकारी घाटाचा चाकू घडवितात. कायद्याची मर्यादा त्यांना सांभाळावी लागते. 1959 च्या हत्यारांच्या कायद्याखालील नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे शस्त्र परवान्याच्या कक्षेत आणले. घरकाम, शेती आणि उद्योग यांची अवजारे त्यातून वगळली. ही मर्यादा योग्यच आहे. या विद्येचे मोल माणूस मारण्यात नव्हते. मातीच्या मुशीत आणि मंद आचेत दडलेल्या नियमाचा शोध घेण्यात होते.

तो शोध घेण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गुजरातेतच कच्छमधील अंजार येथे सुडी, म्हणजे आपला अडकित्ता, आणि रेहा गावी चाकू घडविणारी घराणी प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात घिसाड्याची ऐरण अजून रस्त्याच्या कडेला वाजते. त्या ऐरणीपाशी क्षणभर थांबून, आच कोणत्या रंगाला ओळखायची हे विचारणारा आणि उत्तर लिहून ठेवणारा माणूस हवा. उत्तर देणाऱ्याला त्याचे मोल आणि मान दोन्ही मिळाले पाहिजेत. एरवी तो सांगणार नाही आणि त्याने का सांगावे? लहरीपुऱ्याच्या दरवाज्यावर कोणाला आत घ्यावे हे एके काळी पाते ठरवीत असे. आता त्या दरवाज्याला कवाडाची गरज उरलेली नाही. विद्येच्या दरवाज्याचेही तसेच व्हावे, हा बडोद्याच्या इतिहासाचा सांगावा आहे. कोनासमुद्रम्‌च्या भट्टीपाशी असा विचारणारा कोणी वेळेवर बसला असता, तर दोनशे वर्षांची पायपीट वाचली असती.